तीस दिवसांच्या आत

"वजन नंतर सांगा. आधी सांगा, बाळाचे डोळे दाखवले का?"

हे विचारताना काका समोरच्या माणसाच्या इतके जवळ जायचे की तो माणूस एक पाऊल मागे सरकायचा. मग हे एक पाऊल पुढं. तो पुन्हा मागे, हे पुन्हा पुढं. एकदा मझौलीकडच्या एका तरुण बापाला त्यांनी असं वॉर्डाच्या दारापासून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत नेलेलं मी पाहिलं आहे. "भैया, आँखें दिखाईं कि नहीं?" असा त्यांचा धोशा चालला होता. टाकीला पाठ टेकल्यावर त्या पोरानं हात जोडले आणि म्हणाला, "बाबूजी, मैंने किसी को आँखें नहीं दिखाईं. मैं तो चुपचाप खड़ा हूँ."

कोणावर डोळे वटारल्याचा आळ आपल्यावर आला आहे, असं त्याला वाटलं होतं. आम्ही सगळ्या सिस्टर तोंडाला पदर, रुमाल लावून हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी त्याचा खांदा धरला आणि त्याला पहिल्यापासून समजावून सांगायला लागले.

तुम्ही कधी नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर थांबला असाल, तर तिथली माणसं तुम्हाला ठाऊक असतील. दाराशी चपलांचा ढीग. हातात औषधाची चिठ्ठी घेऊन उगाच उभे असलेले बाप. भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत दूध द्यायला येणाऱ्या, पोट शिवलेल्या बायका. आत ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली सातव्या महिन्यात, आठव्या महिन्यात आलेली मुलं. जबलपूरच्या अशाच एका वॉर्डात मी पंधरा वर्षं सिस्टर आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यात एक चूक आहे. ती एकट्या कोणाची नव्हती, पण तिच्यातला एक वाटा माझा आहे.

मी त्यांना काका म्हणायची. ते मला सिस्टरबाई म्हणायचे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात तेहतीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले होते. आजोबांच्या काळात नागपूरकडून आलेलं घराणं, शहरातल्या कांचघर वस्तीत दोन खोल्यांचं घर. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. एकच मुलगी, मझौलीला, जबलपूरजवळच्या गावी, शाळेत शिकवायची. नवराही तिथलाच, तहसिलीत नोकरीला.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते प्रसूती विभागाच्या दाराशी. मुलीला सातवा महिना होता आणि प्रेशर खूप वाढलं होतं. तिथल्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी मला आमच्या शेजारच्या वॉर्डातून बोलावून घेतलं. "तुम्हारी भाषा के हैं, तुम समझाओ," म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडं वळल्या.

मी समजावलं. मुलीचं प्रेशर औषधानं उतरत नाही. हा आजार बाळ बाहेर काढल्याशिवाय थांबत नाही. पण बाळ एकोणतीस आठवड्यांचं आहे, त्याची फुफ्फुसं तयार नाहीत.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडं प्रत्येक नगाला दोन मर्यादा असतात, सिस्टरबाई. एक वरची, एक खालची. त्याच्या मधात बसला का पास. इथं कोणत्या आहेत, तेवढं सांगा."

"काका, बाळासाठी जितकं थांबू तितकं चांगलं. आईसाठी जितकं लवकर तितकं चांगलं."

"म्हणजे मधात जागाच नाही?"

"दोन दिवस आहेत. बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं द्यायची. त्यानं बाळाची फुफ्फुसं थोडी तयार होतात. तेवढा वेळ आईनं काढला पाहिजे."

तो सगळा वेळ काका मुलीच्या पायाशी बसून होते. तिचे पाय सुजून टम्म झाले होते. दर थोड्या वेळानं ते अंगठ्यानं घोट्यावर दाबायचे आणि पडलेला खळगा किती वेळ राहतो ते पाहायचे. "सकाळपेक्षा जास्ती आहे," म्हणायचे. मुलगी वैतागायची. "बाबा, बस करो ना. मी काय तुमच्या फॅक्टरीचा माल आहे का?" तिला मराठी सगळी समजायची, पण बोलताना दर दोन शब्दांनी हिंदीत जायची. हसरी होती. शाळेतल्या मुलींनी निरोप लिहून पाठवलेली एक मोठी वही तिच्या उशाशी होती. आपण लवकर परत येणार, असं ती त्यांना सांगून आली होती.

तिसरं इंजेक्शन झालं आणि दुपारी ती म्हणाली, "बाबा, डोके में बहुत दर्द है. डोळ्यांसमोर चमकून राहिलं काहीतरी." काका उठून मला हाक मारेपर्यंत तिला झटका आला. चौथ्या इंजेक्शनाची वाट कोणी पाहिली नाही. अर्ध्या तासात मॅडमनी सिझेरियन केलं.

मुलगी झाली, एक किलो शंभर ग्रॅमची. ती रडली नाही, नुसतं तोंड उघडून मिटलं. आम्ही तिला उचलून आमच्याकडं आणलं आणि ऑक्सिजन लावला. आई शुद्धीवर आली. तिला वॉर्डापर्यंत आणता येत नव्हतं म्हणून मी माझ्या मोबाइलवर मुलीचा फोटो काढून तिला दाखवला. तिनं तो दोन बोटांनी मोठा केला, नाक पाहिलं, म्हणाली, "बाबांवर गेली." तेवढंच तिचं मुलीला पाहणं झालं. तिचं लिव्हर बिघडत गेलं, रक्त गोठेनासं झालं, बाटल्यांवर बाटल्या चढल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

त्या दिवशी दुपारी काका ग्वारीघाटाच्या स्मशानातून थेट वॉर्डात आले. डोकं ओलं होतं. दाराशी बसलेल्या एका बाईनं सुतकात लहान बाळापाशी जाऊ नये असं काहीतरी म्हटलं. ते म्हणाले, "सुतक तिलाही आहे, मलाही आहे. चलो, आत घ्या मला."

जावई तेव्हा पार खचून गेला होता. तो पुढच्या विधींसाठी मझौलीला गेला. मुलीला छातीशी धरून ऊब देणारं कोणी हवं होतं. इतक्या लहान मुलांना कोणाच्या तरी उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवतात, बहुतेकदा आईच्या. मी काकांना विचारलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून आत पाहिलं आणि म्हणाले, "केस आहेत. टोचतील तिला. मी येतो पंधरा मिनिटांत."

रुग्णालयासमोरच्या न्हाव्याकडून ते छाती भादरून आले. दोन ठिकाणी कापलं होतं. मी आयोडीन लावायला गेले तर म्हणाले, "त्याचा वास तिला येईल का?"

मग रोज सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत ते खुर्चीत मागे रेलून बसायचे आणि शर्टाच्या आत ती असायची, बाहेर फक्त लोकरीची टोपी दिसायची. ते तिच्याशी सारखं बोलायचे. कारखान्यातल्या मोजमापाच्या गेजांची नावं सांगायचे, कोणता साहेब कसा होता ते सांगायचे. एकदा मी जवळून जाताना ऐकलं, "काल अठरा ग्रॅम वाढली तू. आज काहून सुस्ती करून राहिली?" शेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या आया लाजून पदर सावरायच्या. दोन दिवसांत त्यांची लाज गेली आणि त्या ह्यांनाच विचारू लागल्या, बाळ दूध ओकतं तर काय करू.

आता ती चूक सांगते.

फार लवकर जन्मलेल्या मुलांच्या डोळ्यांचा पडदा पुरता तयार झालेला नसतो. पुढं त्यात वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. ज्या ऑक्सिजनवर ती जगतात, त्याचाही त्यात भाग असतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासावा लागतो. वेळेत कळलं तर लेझरनं बहुतेक डोळे वाचतात. मागाहून कळून काहीच उपयोग नसतो.

आमच्याकडं डोळ्यांचे डॉक्टर बुधवारी यायचे. तिच्या तपासणीचा बुधवार आला तेव्हा तिला पुन्हा श्वासाचा त्रास होऊन ऑक्सिजन लागला होता. पुढच्या आठवड्यात पाहू म्हणाले. पुढच्या बुधवारी डॉक्टरांना शिबिरावर पाठवलं होतं. त्यानंतरच्या सोमवारी आमच्याकडं एकेका वॉर्मरखाली दोन-दोन मुलं झाली. हिचं वजन दीड किलोवर गेलं होतं, ती वाटी-चमच्यानं दूध घेत होती. तिला घरी सोडायचं ठरलं. डॉक्टरांनी कार्डावर खाली इंग्रजीत दोन शब्द घाईनं लिहिले, आजाराच्या नावाची नुसती आद्याक्षरं, डोळे तपासायचे म्हणून. कार्ड मी काकांच्या हातात दिलं.

मी त्यांना ऊब कशी द्यायची ते सांगितलं. आंघोळ घालू नका, बाटली लावू नका, अंग निळं पडलं तर लगेच या, पंधरा दिवसांनी वजनाला आणा, सगळं सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं नाही. मागे तीन बायका उभ्या होत्या, फोन वाजत होता, एका मुलाची नळी निघाली होती. ही कारणं मी स्वतःला खूपदा सांगून पाहिली आहेत.

ते तिला घेऊन मझौलीला गेले, कारण तिथं जावयाची आई होती. थंडी पडली होती. तिथल्या आरोग्य केंद्रात वजन व्हायचं आणि ते चांगलं वाढत होतं, त्यामुळे इतक्या थंडीत जबलपूरला कशाला न्यायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. ती आवाजाकडं मान वळवायची. काकांचा आवाज आला की हातपाय झाडायची. घर खूश होतं.

ती चार महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट त्यांनी मला पुढं एकदाच सांगितली. अंगणात उन्हाला बसून ते दाढी करत होते. शेजारी खाटेवर ती पडली होती. आरसा हलला आणि उन्हाचा कवडसा तिच्या तोंडावर पडला. थेट डोळ्यांवर. तिनं डोळे मिटले नाहीत.

"मी आरसा बाजूला केला. पुन्हा पाडला. पुन्हा बाजूला केला. तीनदा पाहिलं, सिस्टरबाई. आमच्याकडं तीनदा पाहायचा नियम होता."

गालाला साबण तसाच ठेवून ते बसस्टँडवर गेले होते.

आमच्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली. नागपूरला जाऊन आले. तिथंही तेच सांगितलं. दोन्ही पडदे सुटले होते. नागपूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी ते वॉर्डात आले. मी त्यांना दुरून येताना पाहिलं. ते ओरडतील, सगळ्यांसमोर बोलतील, असं मला वाटलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलं आहे?"

मी वाचून दाखवलं.

"इतकंच?"

"इतकंच, काका."

"मी तेहतीस वर्षं इंग्रजी ड्रॉइंग वाचली," ते म्हणाले. "बारीकातला बारीक आकडा कधी सुटला नाही माझ्या नजरेतून. हे मी औषधाचं नाव समजलो. वाटलं, टॉनिक असेल, जे दिलं त्यातच आलं." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुम्ही काहून रडून राहिल्या? मी फक्त वाचायला सांगितलं."

कार्डाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि गेले. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मला काढायची हिंमत झाली नाही.

पुढच्या बुधवारी ते वॉर्डाच्या दाराशी उभे होते. मला वाटलं नातीला घेऊन आले असतील. पण ते एकटेच होते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबवत होते. गार्डला वाटलं हा कुठल्या चष्म्याच्या दुकानाचा एजंट. त्यानं दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा मी जाऊन सांगितलं, "भैया, रहने दो. ये हमारे आदमी हैं." ते खरं होतं का, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

महिन्याभरानं त्यांनी माझ्या टेबलावर एक रबरी शिक्का ठेवला. कांचघरातून करून आणला होता. हिंदीत, मोठ्या अक्षरात: आँख की जाँच, ३० दिन के अंदर, बुधवार. "आमच्याकडं शिक्का पडल्याशिवाय नग दाराबाहेर जात नव्हता," म्हणाले. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी कपाळाला आठ्या घातल्या, असा बाहेरचा शिक्का सरकारी कार्डावर कसा मारायचा म्हणून. मी मारत गेले. सहा महिन्यांनी शाई संपली तेव्हा इन्चार्जनीच स्टोअरमधून मागवून दिली.

जी माणसं बुधवारी यायची नाहीत, त्यांच्या घरी ते जायचे. मला विचारून फोन लावायचे, फोन लागला नाही की बस पकडायची. मझौलीच्या पलीकडं एका गावात एक आजी होती. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ उंबरा ओलांडणार नाही, म्हणाली. काकांनी तिला आधी समजावलं, मग विनवलं, मग म्हणाले, "सवा महीने बाद सूरज दिखाओगी ना अम्मा? और तब वो देख ही न सके तो?" तरी ती ऐकेना. मग ते ओसरीवर बसून राहिले. जेवायची वेळ झाली, ताट आलं, त्यांनी हात लावला नाही. "बच्ची चलेगी तो खाऊँगा." पाहुणा उपाशी बसलेला पाहून आजीची पंचाईत झाली. शेजारणी डोकावून जायला लागल्या. दुपारी चारच्या बसनं आजी, सून, बाळ आणि काका असे चौघे जबलपूरला आले. बसमध्ये आजीनं त्यांना डब्यातून पुऱ्या खायला घातल्या आणि सगळा रस्ताभर शिव्या दिल्या. त्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांना दोन दिवसांत लेझर झालं. तिला दिसतं.

असं नेहमी झालं नाही. एकदा जुळ्यांपैकी राहिलेल्या एका मुलासाठी ते गेले होते, बापाचा फोन बंद होता म्हणून. संध्याकाळी परत आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी विचारलं, भेटले का? म्हणाले, "पोरगं आठ दिवसांपूर्वीच गेलं. थंडीनं. आणि मी दारात जाऊन डोळ्यांचं विचारून बसलो." त्यानंतर कोणाच्याही दारात गेल्यावर ते आधी नुसतं "राम राम" म्हणून थांबायचे. आतून बाळाचा आवाज आला तरच पुढं बोलायचे.

आपल्या लोकांतही त्यांनी वैर घेतलं. सिव्हिल लाइन्समध्ये एक मराठी अधिकारी राहायचे. त्यांच्या सुनेचं सिझेरियन चार आठवडे आधी, चांगला दिवस पाहून ठरलं होतं. मुलाची सुट्टीही त्यातच बसत होती. काकांना कोणाकडून तरी कळलं आणि ते न बोलावता गेले. चहा-चिवडा झाला. मग ह्यांनी विचारलं, "सुनेला प्रेशर आहे?" नाही. "पाणी गेलं? दुखून राहिलं?" नाही. "मग बाहेर काढायची घाई काहून करून राहिले साहेब? माझ्या पोरीला दोन दिवस मिळाले नाहीत. तुमच्याकडं चार आठवडे आहेत, ते फेकून काहून देता?"

साहेब उठून उभे राहिले. "तुमच्या दुःखाची आम्हाला जाणीव आहे. पण भरल्या घरात असं अशुभ बोलू नका."

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी मुलगा झाला. रंगानं छान, बाळसेदार. संध्याकाळपर्यंत त्याला धाप लागली आणि खासगी दवाखान्यातून त्याला आमच्याकडं आणलं. नऊ दिवस तो ऑक्सिजनवर होता. साहेब बाहेर बाकावर बसायचे आणि बुधवारी काका दिसले की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. काकांनी त्यांना काही म्हटलं नाही. सून आमच्याकडच्या बायकांत एकटीच पडली होती, तिच्यासाठी ते घरून मुगाची खिचडी करून आणायचे आणि डबा माझ्याकडं द्यायचे. "माझं नाव सांगू नका," म्हणायचे. मुलगा बरा होऊन घरी गेला. साहेबांनी जाताना सगळ्या स्टाफला पेढे दिले. काका त्या दिवशी नव्हते.

दीड वर्षानं जावयानं दुसरं लग्न केलं. काकांनीच त्याला तसं सुचवलं होतं, असं म्हणतात. नात कांचघरला त्यांच्याकडंच राहिली. कधीमधी मी जायची. ती भिंतीला हात न लावता घरभर फिरायची. त्यांनी दोन खोल्यांतली एकही वस्तू जागची हलवू दिली नव्हती. मी एकदा स्टूल सरकवून बसले तर मी उठल्यावर त्यांनी ते बोटांनी मोजून परत होतं तिथं ठेवलं. तिला ते चिंचेच्या चटणीपासून रेल्वेच्या शिट्टीपर्यंत सगळ्याचा वास आणि आवाज ओळखायला लावायचे. ती त्यांच्यासारखंच बोलायची. "काकू, तुम्ही आज थकून राहिल्या वाटते," पाच वर्षांची पोर माझ्या पावलांवरून सांगायची.

त्यांना एकच काळजी होती. अंध मुलांच्या शाळेत राहायला पाठवायची तर ती त्यांच्याशिवाय राहणार नाही, आणि नाही पाठवायची तर त्यांच्यानंतर काय. "माझी वरची मर्यादा जवळ येऊन राहिली, सिस्टरबाई," ते म्हणाले. मी म्हटलं, असं काही बोलू नका. त्यावर आणखी काही बोलायला हवं होतं. मी नुसता चहा संपवला.

या हिवाळ्यात ते दोन बुधवार आले नाहीत. पहिल्या बुधवारी मला वाटलं, कुठल्यातरी गावाला गेले असतील. दुसऱ्या बुधवारी ड्यूटी संपल्यावर मी कांचघरला गेले.

दार शेजारच्या दीदींनी उघडलं. त्यांनी दारातच सांगितलं. काका जाऊन अकरा दिवस झाले होते. सकाळी नातीच्या वेण्या घालता घालता ते मागे रेलले. एक वेणी झाली होती. ती दुसरीची वाट पाहत तशीच बसून राहिली, बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली, मग शेजारी आले. दीदींना मला कळवायचं होतं, पण माझा नंबर काकांच्या मोबाइलमध्ये कोणत्या नावानं आहे ते कोणाला माहीत नव्हतं.

बाप मझौलीहून आला होता. तिला घेऊन जायचं ठरलं होतं आणि तो सामानासाठी गाडी बघायला बाहेर गेला होता. बाहेरच्या खोलीत दोन पेट्या बांधून ठेवलेल्या. कपाट भिंतीपासून ओढलेलं, खाट उभी केलेली. दीदी मला बसवून चहा टाकायला आपल्या घरी गेल्या.

ती आतल्या खोलीतून आली. सहा वर्षांची, अंगात दोन स्वेटर. पेटीला पाय लागला तशी थांबली, हातानं चाचपली, वळसा घालून पुढं आली. कपाटालाही अडखळली. तिच्या स्वतःच्या घरात तिला रस्ता सापडत नव्हता. मग तिनं माझा हात शोधून धरला.

"सिस्टर काकू," ती म्हणाली. "एकट्याच बसून राहिल्या तुम्ही? संध्याकाळ झाली ना?"

"हो, झाली."

"मग अंधारात काहून बसल्या? लाइट लावते मी. पाहुण्यांना लागते."

ती भिंतीशी गेली, टाचा उंचावल्या आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही. मी वर पाहिलं. बल्ब काळा पडून गेला होता. गेल्या अकरा दिवसांत तो बदलायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं माझ्याकडं तोंड केलं. "लागला का, काकू?"

"लागला," मी म्हणाले.

ती परत आली, पेटी चुकवून, आणि माझ्याजवळ बसली. दीदी चहा घेऊन येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.